मला जमीन लागते

विलायतेला मी सात वेळा गेले आणि सात वेळा परत आले. लोणावळ्यात कुणा नव्या माणसाला हे कळलं की तो खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "मग काय काय पाहिलंत, हलिमाताई?" मी खरं सांगते आणि त्याचा विरस होतो. कारण मी सगळ्यात जास्त पाहिली ती एनॅमलची तसराळी. पांढरी, निळ्या काठाची. एका हातात तसराळं आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी डोकं, अशी माझी पंधरा-सोळा वर्षं गेली.

यंदा शाळेतले गुरुजी दिवाळी अंकासाठी लेख मागायला आले. त्यांनाही मी तेच सांगितलं. म्हटलं, "गुरुजी, लोक चकल्यांचं ताट शेजारी ठेवून अंक वाचणार, आणि मी ओकाऱ्यांवर लिहू?" गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, "लिहा. फराळ झाल्यावर वाचावा, अशी वर एक ओळ घालू." ती ओळ त्यांनी घातली असेल असं धरून लिहिते.

आधी माझा धंदा काय होता ते सांगते, कारण तो आता उरला नाही. साहेबलोक रजेवर विलायतेला निघाले की बरोबर लहान मुलं असत. तीन आठवडे बोटीवर त्यांना सांभाळायला एक आया लागे. मुलांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, डेकवर फिरवायचं, आणि आईबाप केबिनमध्ये आडवे झाले तर त्यांच्याही पाठीवरून हात फिरवायचा. लंडनला पोचलं की ते कुटुंब आपल्या गावी जाई आणि आम्ही आयांसाठी असलेल्या एका मोठ्या घरात राहायचो. हिंदुस्थानात येणारं दुसरं कुटुंब मिळालं की त्यांची मुलं सांभाळत परत यायचं. जाताना एकाची पोरं, येताना दुसऱ्याची.

या धंद्यात बाईला शिवण येतं का, तिला अंगाई येते का, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच असे : तुला बोट लागते का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तापाच्या साथीत नवरा गेला आणि मी लोणावळ्याला अम्माकडे परत आले. आमचं मूळ गाव आंबी, पण वडिलांनी टांग्याचा धंदा धरला आणि आम्ही लोणावळ्याचे झालो. वडिलांमागे टांगा माझा थोरला भाऊ उस्मानभाई हाकत होता. मी तुंगार्लीच्या एका बंगल्यात मुलं सांभाळायला लागले. लिली पाच वर्षांची आणि जॉनी आठ महिन्यांचा. त्यांच्या मेमसाहेब विलायतेला निघाल्या, आणि जी म्हातारी आया बरोबर जायची होती तिनं ऐन वेळी कानावर हात ठेवले. "मागल्या बारीला पाच दिस मेल्यावानी पडले हुते," म्हणाली, "आता न्हाई जायाची."

मेमसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "आया, तुमको बोट लगता?"

"नहीं, मेमसाब," मी म्हटलं.

समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता. मी पाहिलं होतं ते तुंगार्लीच्या तलावाचं पाणी, आणि त्यानं मला कधी त्रास दिला नव्हता.

घरी सांगितलं तेव्हा अम्मा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "दर्या कसा असतु ठावं हाय का तुला?"

"न्हाई."

"मंग बोट लागत न्हाई हे तुला कुनी सांगितलं?"

अम्मानं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "जा. पर सुंठ घेऊन जा संगं."

साहेबांची रजा लांबणीवर पडली होती, म्हणून आम्ही निघालो जूनमध्ये. शहाणी माणसं जूनमध्ये बोटीत बसत नाहीत. मुंबईचा धक्का मागे पडला, दिवे दिसेनासे झाले, आणि बोटीनं आपलं नाक वर उचललं. मग खाली टाकलं. मग पुन्हा उचललं. माझ्या पोटातलं सगळं तिच्याबरोबर वर गेलं आणि खाली मात्र आलं नाही.

खरं सांगून टाकते. मला बोट लागते. त्या पहिल्या वेळी लागली आणि पुढे दर खेपेला पहिले दोन-तीन दिवस लागतच राहिली. ज्या बाईच्या शिफारशीच्या चिठ्ठ्यांमध्ये सात मेमसाहेबांनी सात वेळा लिहून दिलंय की हिला समुद्राचा काही त्रास होत नाही, ती ही बाई.

त्या सकाळी केबिनमध्ये मेमसाहेब भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि मला बुडवून टाका असं देवाला सांगत होत्या. लिली ओकत होती. साहेब दुसऱ्या केबिनमध्ये होते, त्यांचं काय चाललं होतं ते पलीकडून ऐकू येत होतं. आणि जॉनी? जॉनी टाळ्या वाजवत होता. त्याला भूक लागली होती, त्याला खेळायचं होतं, बोट वर गेली की तो खिदळत होता. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बोट लागत नाही हे मला पुढं कळलं. तेव्हा वाटलं, या पोराला काहीतरी झालंय.

मी त्याला कडेवर घेतलं, बाहेर आले आणि डेकच्या कठड्याशी जाऊन पोट रिकामं केलं. कुणी पाहिलं नाही असं मला वाटलं. पण एक पिकल्या दाढीचा खलाशी दोर गुंडाळत बसला होता. दाभोळकडचे होते ते. सगळे त्यांना तांडेलचाचा म्हणायचे.

"पहिली खेप काय गो?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. बोलले असते तर पुन्हा ओकले असते.

"अशी टोकाला उभी राहू नको. टोकाला झोका जास्त. बोटीच्या मधोमध ये, हितं बस. आणि लाटांकडे बघू नको. तिकडं लांब बघ, आभाळ पाण्याला टेकतं ना, तिथं. ती रेघ हलत नाही." मग ते जॉनीकडे बघून हसले. "पोट रिकामं ठेवू नको. ओकलीस तरी खा. सुकं खा. आणि काम करीत राहा. आडवी झालीस की गेलीस."

माझ्याकडे फुटाणे होते आणि अम्माची सुंठ. मी मधोमध बसले, रेघेकडे बघत एकेक फुटाणा चावला, सुंठेचा तुकडा गालात धरला. तासाभरानं जग थोडं जागेवर आलं. पूर्ण नाही, पण काम करता येईल इतपत.

ते बरं झालं, कारण काम पुढे होतं. लिलीला दुसऱ्या दिवशीही पाणी ठरेना. चमचाभर गेलं की वाटीभर बाहेर. तिसऱ्या सकाळी तिचे ओठ सुकून सालं निघाली होती आणि ती रडेनाशी झाली होती. रडणारं मूल मला कधी भीती घालत नाही. न रडणारं घालतं. बोटीचे डॉक्टर येऊन गेले, पण त्यांना पन्नास केबिनी. ते म्हणाले, पाणी द्या, आणि गेले. पण पाणीच तर ठरत नव्हतं.

मी मेमसाहेबांना म्हटलं, "मिसीबाबाला वर घेऊन जाते." त्या उठायचा प्रयत्न करत म्हणाल्या, नको, वारा आहे, तिला सर्दी होईल. मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. लिलीला घोंगडीत गुंडाळलं, जॉनीला पाठीशी झोळीत बांधलं आणि वर गेले. तांडेलचाचांनी आम्हाला वाऱ्याच्या आडोशाला मधोमध जागा करून दिली. स्वयंपाकघरातून लिंबू, साखर, मीठ आणवलं. त्या पाण्याचा एक चमचा लिलीच्या ओठात सोडला आणि तिला म्हटलं, "आता वीस आकडे मोजायचे. तोवर दुसरा चमचा नाही." लिलीला इंग्रजी आकडे येत होते, मला नव्हते. ती कुजबुजत मोजायची, मी तिच्यामागून म्हणायचे. वीस झाले की एक चमचा. कधी बाहेर यायचा, बहुतेक वेळा राहायचा. दुपारपर्यंत आम्ही किती वेळा वीस मोजले कोण जाणे, पण माझे इंग्रजी आकडे तिथं पाठ झाले ते आजही पाठ आहेत. दुपारी लिलीनं माझ्या हातातून चमचा हिसकावला आणि म्हणाली, "तू हळू देतेस." आणि मोठ्यानं रडायला लागली. मीही रडले. बरं वाटलं.

एडन मागे पडलं की समुद्र शहाणा होतो. मेमसाहेब उठल्या, केस विंचरले, आणि त्यांनी चिठ्ठीत लिहिलं की ही बाई बोटीवर एक दिवसही आजारी पडली नाही. मी ती चिठ्ठी घेतली. खोटी आहे हे मी बोलले नाही. त्या चिठ्ठीवर पुढची सगळी वर्षं उभी राहिली.

इथवर बोट लागण्याचं झालं. पण माझी खरी फजिती जमिनीवर झाली, आणि ती कुणी ऐकून ठेवलेली नसते, म्हणून ती सांगायला हवी.

परतीच्या बोटीतून मुंबईला उतरले आणि रेल्वेत बसले. घाट चढताना खिडकीशी बसून मी मजेत होते. लोणावळा आलं, गाडी थांबली, मी फलाटावर पाय ठेवला, आणि फलाट फुगला. समोरची माणसं नीट उभी होती, पण माझ्या पायाखालची फरशी सावकाश वर आली, खाली गेली, वर आली. मी एका हमालाचा खांदा धरला. त्याला वाटलं मी सामान उचलायला बोलावतेय.

घरात तर कहर. उंबरा ओलांडताना चौकट धरायची, चुलीपुढं बसले की चूल डावी-उजवी व्हायची. आडवी झाले की सगळं घर झोके घेई. मी म्हटलं, दोन दिवसांत जाईल. आठ दिवस झाले तरी जाईना.

अम्मा हे सगळं बघत होती. एके दिवशी मी हंडा घेऊन आले आणि दारातच तोल जाऊन अर्धं पाणी सांडलं. अम्मा उठली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "तोंड उघड."

"का?"

"उघड म्हन्ते न्हवं?"

मी उघडलं. तिनं नाक पुढं आणून नीट हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. "सुंठ," ती म्हणाली, आणि हंडा उचलून आत गेली. त्यानंतर तिनं मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

पण सगळ्या जगानं माझं तोंड हुंगलं नव्हतं. त्याच आठवड्यात लाल बंगल्यातल्या मेमसाहेबांचं बोलावणं आलं. त्यांना मुलांसाठी आया हवी होती आणि माझी चिठ्ठी त्यांच्यापर्यंत पोचली होती. मी धुतलेलं लुगडं नेसून गेले. त्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मला बसायला सांगायची रीत नव्हती. मी हात जोडून उभी राहिले, आणि उभी राहिले तीच चूक. माझं अंग आपोआप पुढं-मागं होऊ लागलं, घड्याळाच्या लंबकासारखं. मी थांबवायला गेले की जास्त. मेमसाहेबांनी चिठ्ठीवरून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"तुम दारू पीता," त्या म्हणाल्या.

मी सांगायला गेले, पण 'बोटीवरून उतरले पण बोट माझ्यातून उतरली नाही' हे त्यांच्या हिंदुस्थानीत कसं सांगायचं ते मला येईना. त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हातानं फाटकाकडे दाखवलं. चिठ्ठी उचलताना माझा टेबलाला धक्का लागला आणि त्यांचा चहा सांडला. झालं. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

बंगल्याबंगल्यांच्या नोकरांतून ही बातमी बाजारात आणि बाजारातून आंबीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. टांगेवाल्याची विधवा बहीण विलायतेला गेली आणि पिऊन आली. आंबीहून मावशी आली. तिला पिण्याचं पटलं नव्हतं. तिचं म्हणणं दुसरं होतं. "दर्याचं वारं धरलंया पोरीला. उतरवून घ्या." अम्मा म्हणाली, "वारं उतरवायला मानूस बोलाव, न्हाई म्हनत न्हाई, पर आधी डाक्टराला इचारू."

स्टेशनजवळ दाते डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी मला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि मी पडायच्या आत धरलं. मग हसले.

"तुला काही झालेलं नाही. गवंड्याकडे पाणसळ असते, बघितली आहेस? भिंत सरळ आहे की नाही ते सांगते ती. तशी माणसाच्या कानात आत असते. तीन आठवडे ती हलत्या बोटीवर राहिली, तिला हलण्याची सवय झाली. आता जमीन हलत नाही, तर तिला वाटतं जमिनीचंच चुकतंय. काहींना बोट लागते. तुला जमीन लागली."

"औषध?"

"थोडे दिवस. आणि अनवाणी चाल, गवतावर. लांब डोंगराकडे बघत."

मी फार हलकी होऊन बाहेर आले. उस्मानभाई टांगा घेऊन उभा होता. मी बसले, घोडा निघाला, आणि टांगा हलायला लागला तसं माझं डोकं जागेवर आलं. झाडं झाडांच्या ठिकाणी, घरं घरांच्या ठिकाणी. घराशी आलो, टांगा थांबला, आणि पुन्हा सगळं डुलायला लागलं.

"भाई," मी म्हटलं, "जरा भुशीकडं चक्कर मार."

"आता? कशाला?"

"तू मार तर."

भुशीपर्यंत जाऊन आलो. टांगा हलत होता तोवर मी ठणठणीत. हे औषध आम्हाला दोघांनाही पटलं. पुढचे पंधरा दिवस भाईच्या टांग्यात पुढच्या बाजूला त्याच्याशेजारी मी बसलेली असायची. स्टेशनवरची गिऱ्हाइकं कुरकुरायची. एक लठ्ठ शेटजी म्हणाले, "ही बाई कुठं उतरणार?" भाई म्हणाला, "न्हाई उतरायची शेट. उतरली की पडती."

तीन आठवड्यांनी एका सकाळी मी अंगणात उभी होते आणि अंगण नुसतं अंगण होतं. मी अम्माला हाक मारली. ती बाहेर आली, मला सरळ उभं बघितलं आणि म्हणाली, "आता पानी भरून आन."

लाल बंगल्याची गोष्ट मात्र तिथं संपली नाही. पुढच्या वर्षी त्या मेमसाहेब स्वतः विलायतेला जाऊन आल्या. स्टेशनवर त्यांना नेमका उस्मानभाईचा टांगा मिळाला. बंगल्याशी उतरल्या आणि त्यांनी टांग्याचं चाक धरलं. त्यांना वाटलं भूकंप होतोय. भाईनं बघितलं आणि त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, "मेमसाब, वापस बैठो." त्या बसल्या, टांगा हलला, त्यांना बरं वाटलं. थांबला, पुन्हा चाक. तेव्हा भाईनं त्यांना सरळ आमच्या दाराशी आणलं.

मी बाहेर आले तर मेमसाहेब टांग्यात, टोपी वाकडी, चेहरा पांढरा. मला ओळखलं. म्हणाल्या, "आया, जमीन हिलता."

"हाँ मेमसाब. हिलता."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही निघालो. डोंगराकडे बघायला सांगितलं, पायातले बूट काढायला सांगितले, सुंठ दिली. सुंठ त्यांनी थुंकली, बाकीचं सगळं ऐकलं. परत आलो तेव्हा अम्मा दारात उभी होती. मेमसाहेब टांग्यातूनच अम्माला उद्देशून म्हणाल्या की त्या हिच्याबद्दल वाईट बोलल्या होत्या, ते चुकलं, त्यांना वाईट वाटतं. भाईनं अम्माला सांगितलं.

अम्मा म्हणाली, "इचार तिला, मी तिचं तोंड हुंगून बघू का?"

भाईनं डोळ्याची पापणी न हलवता मेमसाहेबांना सांगितलं, "अम्मा कहती है, चाय पीके जाव." त्या थांबल्या. अम्माचा नाइलाज झाला आणि तिनं चहा केला. पुढल्या खेपेला त्यांनीच मला बरोबर नेलं, आणि लोणावळ्यात माझ्याबद्दल कुणी पुन्हा काही बोललं नाही.

पुढं बोटीवर तऱ्हेतऱ्हेची माणसं बघितली. एक पाद्री होते, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की पोटाला जाड तपकिरी कागद गुंडाळला की बोट लागत नाही. ते चालले की सदऱ्यातून कागद वाजायचा. आम्हाला पादरीसाहेब दिसायच्या आधी ऐकू यायचे. आणि त्यांना खरंच कधी लागली नाही! मी म्हटलं कागदाचा गुण, तर ते म्हणाले देवाचा. दुसऱ्या एक बाई डोळे बांधून घ्यायच्या. त्या तिसऱ्या दिवशी माझ्यावरच आदळल्या. एक पलटणीतले साहेब होते, मिश्या अशा की मुलं घाबरायची. ते रोज सकाळी आमच्याजवळ येऊन बसायचे, कारण मी जॉनीसारख्या एखाद्या बाळाला खेळवत असायची. म्हणायचे, आनंदात असलेलं एवढं एकच माणूस या बोटीवर आहे, मला त्याच्याकडे बघू दे.

एक गोष्ट मात्र रुखरुख लावून गेली. तिसऱ्या खेपेला खडकीची गंगू नावाची नवी आया बोटीवर होती. तिला फार त्रास झाला. लंडनमध्ये एका मेमसाहेबांना परतीसाठी बाई हवी होती आणि त्यांनी मला विचारलं, ती गंगू कशी आहे, बोट सोसते का? मी मोठ्या दिमाखात खरं सांगितलं. चार दिवस उठली नव्हती म्हटलं. त्या बाईंनी मला घेतलं. गंगू तो सगळा हिवाळा त्या घरात एकटी वाट बघत राहिली. स्वतःसाठी खोटं आणि दुसरीसाठी खरं, असा माझा न्याय. मी तिला फुटाणे द्यायला हवे होते, बोटीच्या मधोमध जागा दाखवायला हवी होती. तांडेलचाचांनी मला दाखवली होती ना? त्यानंतर ज्या ज्या नव्या आया भेटल्या त्यांना मी सगळं शिकवलं. पण गंगू पुन्हा भेटली नाही.

मग लढाई सुरू झाली, बोटी सैन्याच्या कामाला लागल्या आणि माझं जाणं थांबलं. मी लोणावळ्यातच एका शाळेत मुलं सांभाळायला लागले. दोनेक वर्षांनी उस्मानभाईची मुलगी रेवसजवळ दिली होती, तिला मुलगा झाला. अम्मा म्हणाली, पणतू बघायचा. मुंबईहून लाँचनं जायचं ठरलं, मी, अम्मा आणि भाई. अम्मा तेव्हा सत्तरीला आली होती. तिनं समुद्र पाहिला नव्हता.

मी सगळी तयारी केली. फुटाणे घेतले, सुंठ घेतली, अम्माला कुठं बसवायचं ते ठरवलं. तिला समजावलं, "घाबरायचं न्हाई. लांब बघायचं. मळमळलं की मला सांगायचं, मी हाय."

नारळी पौर्णिमा होऊन थोडेच दिवस झाले होते. दर्या अजून खवळलेलाच होता. लाँच म्हणजे काय, मोठ्या आगबोटीपुढं डबी. बंदर सोडलं आणि ती डबी आडवी डोलायला लागली. मला माझ्या बोटींची सवय होती. त्या नाक वर-खाली करायच्या. हे आडवं डोलणं मला माहीत नव्हतं, आणि होती नव्हती ती सवयही एवढ्या दिवसांत गेली होती. मी लांब रेघेकडे बघितलं. सुंठ गालात धरली. अर्ध्या तासात सगळं संपलं. मी कठड्यावर ओणवी झाले.

कुणीतरी मागून माझं कपाळ धरलं. खरखरीत, गार हात. दुसऱ्या हातानं माझी वेणी मागं घेतली. ओकून झालं तसं पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं.

"व्हईल, व्हईल बरं," अम्मा म्हणाली. "अजून यायचं आसंल तर येऊ दे."

किती जणांची डोकी मी धरली असतील त्याला गणती नाही. बोटीवर माझं डोकं कुणी धरलं नव्हतं. दर खेपेला कठड्याशी एकटीनं उभं राहायचं, तोंड पुसायचं, आणि हसत केबिनमध्ये जायचं.

"अम्मा, तुला काय व्हत न्हाई?" मी विचारलं.

"मला काय व्हायचंय?" तिच्या मुठीत खारे दाणे होते, समोरच्या बाईनं दिलेले. ती दाणे खात, लाटांकडे अगदी जवळून बघत होती. "लय ग्वाड झोका हाय. पाळन्यात घातल्यावानी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दर बारीला आसंच व्हायचं व्हय गं तुला?"

"पयले दोन-तीन दिस."

भाई दुसरीकडे बघू लागला. अम्मानं माझं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं, आणि मी चाळिशीची बाई चारचौघांत तशीच पडून राहिले.

चार दिवस पणतवाचं कौतुक झालं. निघायच्या दिवशी मी भाईला हळूच म्हटलं, परत लाँचनं नको. अलिबाग-पेणवरून मोटारी आहेत, खोपोलीवरून घाट चढून सरळ घरी. अम्मानं ऐकलं.

"तू जा की मोटारीनं," ती म्हणाली. "मी आन् उस्मान बोटीनंच जातो. पुन्यांदा कवा बसाया मिळंल मला?"

मग मीही बोटीनंच गेले. धक्का सुटायच्या आधीच तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. मधे एकदा तिनं माझ्या तोंडात एक खारा दाणा घातला. तो पोटात राहिला.